चाळीस वर्षांची बोट कशी टिकली?



पंपाच्या ग्लँडमधून पाणी ठिबकू लागले की आपल्यापैकी बरेच जण काय करतात? पाना घेतात, नट आवळतात आणि ठिबकणे थांबले की समाधानाने घरी येतात. पुढे शाफ्ट तापतो, झिजतो, आणि थोडक्या दोरीचे काम मोठ्या खर्चावर जाते. "ग्लँडमधून थोडे थेंब पडलेच पाहिजेत," हे वाक्य नोकरीत मी किती गावांत सांगितले असेल याची गणती नाही. हेच वाक्य २०२४ च्या सप्टेंबरात, घरापासून हजारो मैलांवर, एका अमेरिकन शेतकऱ्याच्या तोंडून मला ऐकायला मिळाले. ते मात्र आपल्या बोटीविषयी बोलत होते. आणि ती बोट होती चाळीस वर्षांची.

माझी थोरली मुलगी आणि जावई अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात एका लहान गावी राहतात. अर्जित रजा शिल्लक होती, म्हणून आम्ही दोघे दीड महिना त्यांच्याकडे जाऊन आलो. शेजारी एक वयस्क शेतकरी राहतात. पंचाहत्तरीच्या घरातले, मका आणि सोयाबीन पिकवणारे. मी शेतीखात्यातला माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी मला आपली शेड दाखवायला नेले. शेडमध्ये ट्रॅक्टर होता, मका काढणीचे यंत्र होते, आणि एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली सुमारे एकोणीस फुटांची १९८४ सालची बोट होती. मासेमारीची असेल असे मला वाटले. आजोबा म्हणाले, "नाही, ही माझ्या नातीची शाळा आहे."

तुम्ही म्हणाल, बोटीशी आपला काय संबंध? थोडा धीर धरा. जुने यंत्र वर्षानुवर्षे चांगल्या कामाचे कसे ठेवावे, याचा मी पाहिलेला हा सर्वांत चांगला नमुना आहे.

हा खेळ आहे तरी काय?

त्या खेळाचे नाव वॉटर स्कीइंग. वेगाने जाणाऱ्या बोटीला दोरी बांधलेली असते. खेळाडू दोरीची मूठ धरून पायांत बांधलेल्या फळीवर उभा राहतो आणि पाण्यावरून ओढला जातो. या फळीला स्की म्हणतात. यातला स्लॅलम हा प्रकार फार कौशल्याचा. त्यात एकच स्की असते आणि दोन्ही पाय त्याच स्कीवर एकामागे एक घट्ट बसवलेले असतात.

पाण्यावर २५९ मीटर लांबीची वाट आखलेली असते. तरंगत्या गोळ्यांच्या, म्हणजे बोयांच्या अरुंद गल्लीतून बोट मधोमध सरळ जाते. खेळाडूने मात्र दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठेवलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा असतो. हे बोये मध्यरेषेपासून साडेअकरा मीटर दूर असतात. बैल सरळ चालतो आणि मागचा वासरू एकदा या बांधाला, एकदा त्या बांधाला शिवून येते, असे काहीसे दृश्य दिसते. फक्त सारे ताशी ५५ किलोमीटर वेगाने चाललेले असते.

पहिल्या फेऱ्यांत दोरी १८.२५ मीटर असते. फेरी साधली की बोटीचा वेग वाढवतात. पुरुषांसाठी तो ताशी ५८ किलोमीटरपर्यंत आणि स्त्रियांसाठी ५५ पर्यंत जातो. तिथून पुढे वेग वाढत नाही, दोरी आखूड होत जाते. १६ मीटर, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि पुढे आणखी कमी. बोया साडेअकरा मीटरवर आणि दोरी त्याहून आखूड, मग खेळाडू पोचतो कसा? शरीर पूर्ण आडवे झोकून आणि हात लांबवून. तेवढ्यात एक बोया चुकला की खेळ तिथेच संपतो.

कढईत उकडलेल्या फळ्या

या खेळाचा उगमही मिनेसोटातलाच. मिसिसिपी नदी एके ठिकाणी रुंद होऊन पेपिन नावाचे सरोवर तयार झाले आहे. त्याच्या काठी लेक सिटी हे गाव आहे. १९२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने मनात घेतले, की बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का येऊ नये? आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की पाहिल्या. दोन्ही बुडाल्या. शेवटी त्याने पाइनच्या आठ फुटी फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या कपडे उकडण्याच्या भांड्यात उकळून मऊ केली आणि वर वाकवली. बैलगाडीच्या चाकाची पाठी वाकवणाऱ्या आपल्या सुतारांना ही युक्ती नवी नाही. भाऊ बोट चालवत होता. बरेच दिवस बुडून झाल्यावर, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, २ जुलै १९२२ रोजी, राल्फ पाण्यावर उभा राहिला.

त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले नाही. पुढे हा माणूस टर्की कोंबड्या पाळणारा शेतकरी झाला. खेळाचा जनक म्हणून त्याला मान मिळायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. आजोबांना त्याचा मोठा अभिमान. "आमच्यातलाच होता," असे ते म्हणाले.

या खेळासाठी वेगळ्या बांधणीच्या बोटी पुढे आल्या. फ्लोरिडातील करेक्ट क्राफ्ट या १९२५ पासूनच्या कारखान्याने १९६१ मध्ये 'स्की नॉटिक' ही बोट आणली. १९६८ मध्ये टेनेसी राज्यात मास्टरक्राफ्टची सुरुवात झाली, ती एका शेतावरच्या घोड्यांच्या तबेल्यात. या बोटींत इंजिन मागे न टांगता मधोमध बसवतात आणि दोरीचा खांबही मध्याजवळ असतो. त्यामुळे खेळाडूने बाजूला कितीही जोर लावला तरी बोटीचे तोंड फिरत नाही, आणि मागे उठणारी लाट लहान व मऊ राहते.

ही लाट म्हणजे सगळा जीव. प्रत्येक वळणानंतर खेळाडूला ती आडवी कापावी लागते. लाट उंच आणि कडक असेल तर स्की उसळते, तोल जातो आणि पुढचा बोया हुकतो.

सोळा सेकंद आणि वर थोडे

एका सकाळी आजोबांनी मला बोटीत बसवले. नातीचे वय सोळा. ती पाण्यात उतरली. चालकाखेरीज एक माणूस मागे तोंड करून खेळाडूकडे पाहत बसतो. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होते. ती पडली तर ओरडून सांगायचे आणि हातातले घड्याळ दाबायचे.

ताशी ५५ किलोमीटरने २५९ मीटर जायला बरोबर १६.९५ सेकंद लागतात. म्हणजे दर पावणेतीन सेकंदांत एक वळण. ती बोयाला वळसा घालून दोरीवर झोकली की बोटीला मागून हिसका बसे. बैलाने नांगराला बांधलेल्या मुळाशी झटका खावा तसा. त्या क्षणी वेग घटतो, म्हणून आजोबा कानाने इंजिन ऐकत थ्रॉटल किंचित पुढे करीत. फेरी संपल्यावर मी वेळ सांगितला. आजोबांनी मान हलवली आणि पुन्हा बोट वळवली.

आता उपग्रहावरून वेग मोजून थ्रॉटल आपोआप सांभाळणारी यंत्रे आली आहेत. जुन्या बोटींच्या थ्रॉटलच्या तारेलाही ती जोडता येतात. आजोबांनीही एक बसवले आहे. पण आठवड्यातून एक दिवस ते बंद ठेवून घड्याळावर चालवतात. यंत्र चुकले तर कळायला हवे, हा त्यांचा हिशेब.

मोठ्या अधिकृत स्पर्धांत संघटनेने मान्य केलेल्या नव्या बोटीच वापरतात. तशी नवी बोट एक लाख डॉलरच्या वर जाते. शेतकऱ्याला ते परवडणारे नाही. पण स्पर्धेतल्या मोजक्या फेऱ्यांसाठी उन्हाळाभर शेकडो फेऱ्यांचा सराव लागतो, आणि तो घरच्या जुन्या बोटीवरच होतो. मिनेसोटात पाणी मोकळे असते ते एप्रिलअखेरपासून, आणि सरावाजोगे दिवस जेमतेम चार-पाच महिने. त्यात बोट पंधरा दिवस बंद पडली तर मुलीचा हंगाम गेलाच. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडण्यासारखेच हे.

थेंब पडू द्या

आता ग्लँडकडे येतो. इंजिनापासून पंख्याकडे जाणारा शाफ्ट बोटीच्या तळाला भोक पाडून पाण्यात उतरतो. त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून आपल्या पंपासारखीच ग्लँड असते आणि तिच्यात वळलेल्या दोरीची कडी भरतात. आजोबा जुनी दोरी सगळी काढतात. जुन्यावर नवी ठोकत नाहीत. तीन कडी वेगवेगळी कापून बसवतात आणि त्यांचे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत. चालू असताना मिनिटाला काही थेंब पडावेत, इतपतच नट आवळतात. हे थेंब शाफ्टला थंड ठेवतात. कोरडी ग्लँड म्हणजे तापलेला शाफ्ट.

दुसरी गोष्ट कपलिंगची. इंजिनाकडची आणि शाफ्टकडची अशा दोन चकत्या समोरासमोर येतात. त्या एका रेषेत नसतील तर बोट थरथरते, बेअरिंग खाल्ले जाते आणि ग्लँड कितीही आवळा, गळतेच. आजोबा बोल्ट काढून दोन्ही चकत्यांमध्ये फीलर गेजची पाती चारही बाजूंनी सरकवून पाहतात. फरक इंचाच्या तीन हजारांशापेक्षा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीपेक्षा, जास्त चालत नाही. आणि हे मोजमाप बोट पाण्यात असताना करतात. गाडीवर ठेवलेल्या बोटीचा तळ किंचित वाकतो, तेव्हाचे माप खोटे निघते. आपणही इंजिन आणि पंपाचे कपलिंग पायाचे बोल्ट आवळण्याआधी तपासतो आणि आवळल्यावर पुन्हा पाहत नाही. खरे माप आवळल्यानंतरचे.

रबराचा पंखा

या बोटीच्या इंजिनाला रेडिएटर नाही. सरोवराचेच पाणी आत ओढून इंजिन थंड होते. ते ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा लहान पंखा असतो. पाण्याशिवाय तो क्षणभरही फिरवू नये, कारण पाणी हेच त्याचे वंगण. कोरडा फिरला की मिनिटभरात पाती जळतात. आजोबा तो दरवर्षी बदलतात. नवा पंखा थोडक्या डॉलरांत येतो, तापून गेलेले इंजिन हजारोंना.

यात एक बारकावा त्यांनी सांगितला, तो मला फार आवडला. काढलेल्या पंख्याची पाती मोजायची. एखादे तुटले असेल तर नवा पंखा बसवून काम संपत नाही. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे गेलेला असतो आणि गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकून बसतो. तो शोधून काढेपर्यंत इंजिन तापतच राहणार. आपल्याकडे ठिबकच्या फिल्टरची जाळी फाटली की आपण नवी जाळी बसवतो. पण फाटक्या जाळीतून पुढे गेलेला गाळ नळ्यांत आहे, हे विसरतो.

वजनकाट्यावर बोट

काही वर्षांपूर्वी बोटीला एक विचित्र आजार झाला. इंजिन ठणठणीत होते, पंखाही नवा, पण बोट पूर्वीचा वेग घ्यायला कुरकुरू लागली. लाट उंच उठू लागली. नातेवाइकांनी सल्ला दिला, इंजिन बदला. आजोबांनी बोट गाडीवर चढवली आणि मक्याच्या गोदामातल्या वजनकाट्यावर नेऊन उभी केली. आपल्याकडे साखर कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर घेतात तशी. गाडीचे वजन वजा केले, तर बोट मूळ वजनापेक्षा जवळजवळ दोन क्विंटल जड भरली.

हे वजन पाण्याचे होते. त्या काळच्या बहुतेक बोटींच्या फायबरच्या तळाखाली लाकडाच्या लांब तुळया आणि मधल्या जागेत फेस भरलेला असे. स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी झिरपले. फेस स्पंजसारखा भिजला आणि आत बंद राहिलेले लाकूड कुजले. इंजिनाचे बोल्ट याच तुळयांत धरलेले असतात. लाकूड कुजले की बोल्ट ढिले होतात, कपलिंग सरकते, ग्लँड गळते. म्हणजे ग्लँड गळते म्हणून नट आवळणारा माणूस मूळ रोगापासून चार घरे दूर असतो.

आजोबांनी दोन हिवाळे खर्चून तळाची फरशी कापली, भिजलेला फेस खरवडून काढला, नव्या वाळलेल्या तुळया राळेत बुडवून फायबरने मढवल्या आणि प्रत्येक स्क्रूचे भोक राळेने बंद केले. बोट पुन्हा काट्यावर घेतली आणि मगच पाण्यात सोडली. तेव्हापासून बोट सावलीत, तळाची बुचे काढून आणि तोंड थोडे वर करून ठेवतात. पावसाचे पाणी आत साचत नाही.

मका पिकवणारा आणि इथेनॉल

आजोबांचा बराच मका इथेनॉलच्या कारखान्याला जातो. मिनेसोटात १९९७ पासून राज्यभर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे सक्तीचे झाले आहे. तरी जुन्या बोटीत मात्र ते इथेनॉल नसलेले पेट्रोल घालतात. बोटी आणि लहान इंजिनांसाठी तशी सवलत तिथल्या कायद्यात आहे. मी हसलो, तेव्हा तेही हसले. इथेनॉल वाईट नाही. पण ते हवेतली ओल ओढते, टाकीत महिनोन्महिने पडून राहिले तर पाण्यासह तळाशी बसते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. रोज चालणाऱ्या गाडीला त्रास नाही, सहा महिने उभ्या यंत्राला आहे. आपल्याकडेही आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. पेट्रोलवरचा फवारणी पंप हंगाम संपल्यावर टाकी भरलेली ठेवून माळ्यावर टाकू नका. टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत उरलेले पेट्रोल जाळून टाका.

पेट्रोलविषयी आजोबा एका बाबतीत कोणाचे ऐकत नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून चावी फिरवण्याआधी चार मिनिटे तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा चालवायचा. इंजिन मोटारीच्याच जातीचे असले तरी स्टार्टर, डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटर बोटीसाठी बनवलेलेच घ्यायचे. त्यांतली ठिणगी बाहेर पडणार नाही अशी बांधणी असते. मोटारीचा भाग स्वस्त मिळतो आणि नेमका बसतोही. पण एका ठिणगीने बोट आणि माणसे दोन्ही जातात. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या कडेवर ते कोणाला बसू देत नाहीत. धुरातला विषारी वायू तिथे जमतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. खोल विहिरीत इंजिन उतरवून चालवल्याने आपल्याकडे माणसे गेली आहेत, ती याच वायूने.

बुजलेला कॉक

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे गवतावर दहिवर गोठलेले दिसले. त्या दिवशी आजोबांनी बोट हिवाळ्यासाठी बांधायला घेतली. मीही मदतीला गेलो.

मिनेसोटाच्या थंडीत पारा शून्याखाली वीस-तीस अंश उतरतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. इंजिनाच्या पोकळीत पाणी राहिले तर बिडाचा जाड ठोकळाही तडकतो. म्हणून इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे कॉक उघडून, धुराड्याच्या पाइपांतून, रबरी नळ्यांतून, गिअरबॉक्सच्या तेल थंड करण्याच्या नळीतून सगळे पाणी काढतात. नंतर न गोठणारे द्रावण भरतात. तेल वसंतात बदलण्याऐवजी आताच बदलतात. वापरलेल्या तेलातली आम्ले सहा महिने बेअरिंगांवर बसू नयेत, हा हेतू. बॅटरी घरात आणतात.

डाव्या बाजूचा कॉक उघडल्यावर पाणी भळभळ आले. उजवा उघडला, तर दोन थेंब पडून थांबले. मी म्हणालो, "ही बाजू रिकामी आहे." आजोबांनी काही न बोलता खिशातून एक जाड तार काढली, कॉकमध्ये घुसवली आणि फिरवली. गंजाची खपली निघाली आणि मागून तांबडे पाणी धारेने आले.

मग पाण्याची धार थांबेपर्यंत बादलीशी बसून त्यांनी १९९६ सालची गोष्ट सांगितली. तेव्हा बोट त्यांच्याकडे येऊन पाच वर्षे झाली होती. त्या शरदात मका काढणीची घाई होती. अंधार पडल्यावर त्यांनी विजेरीच्या उजेडात कॉक उघडले. एकातून पाणी आले नाही. रिकामा आहे असे समजून ते घरी गेले. वसंतात इंजिन चालू केले तर तेल दुधासारखे पांढरे झाले. ठोकळा आतून तडकला होता. त्या वर्षी मुलगा सतरा वर्षांचा होता आणि राज्याच्या स्पर्धेत उतरायचा होता. दुसऱ्या इंजिनाला पैसे पीक विकल्याशिवाय नव्हते. सारा उन्हाळा बोट शेडमध्ये उभी राहिली. पुढच्या वर्षी मुलगा शिक्षणाला बाहेर गेला, मग नोकरी लागली. स्पर्धेत तो पुन्हा कधी उतरला नाही.

"त्याने मला एका शब्दानेही बोलून दाखवले नाही," आजोबा म्हणाले. "आता त्याची मुलगी खेळते, तर दर रविवारी बोट ढकलायला तोच येतो."

मी काय बोलणार? बादली भरली होती, ती बाहेर नेऊन ओतली.

आपल्या शेडमध्ये

बंधूंनो, आपल्याकडे पाणी गोठत नाही आणि आपल्या शेततळ्यावर कोणी स्कीवर उभे राहणार नाही. पण परत आल्यापासून गावोगावच्या बैठकांत मी चार गोष्टी सांगू लागलो आहे. त्या चारही त्या बोटीवरून घेतलेल्या आहेत.

पहिली. कॉक उघडला म्हणजे पाणी निघाले असे नाही. ठिबकचा फ्लश व्हॉल्व्ह उघडला आणि धार बारीक आली, तर नळी स्वच्छ आहे असे समजू नका. ती बुजलेली असण्याचीच शक्यता जास्त. बाहेर काय आले ते डोळ्यांनी पाहा.

दुसरी. तुटलेला भाग बदलताना त्याचे तुकडे मोजा. तुकडा सापडला नाही तर काम अर्धेच झाले आहे.

तिसरी. यंत्र कुरकुरू लागले की लगेच मोठा भाग बदलू नका. आधी मोजा. आजोबांनी वजनकाट्यावर मोजले. आपण डिझेलचा लिटर, मोटारीचा अँपिअर आणि एक वाफा भरायला लागणारी मिनिटे मोजू शकतो. दरवर्षीचा आकडा वहीत असेल तर बिघाड कुठे सुरू झाला ते वही सांगते. आजोबांची वही १९९१ पासूनची आहे. तिच्यात कोणत्या तारखेला कोणते बोट बदलले, किती तासांनी तेल बदलले, सारे लिहिलेले आहे.

चौथी. हंगाम संपल्यावरचा दिवस हा यंत्राचा दिवस समजा. काढणीची घाई कोणाला चुकली आहे? पण त्या घाईत वाचवलेला अर्धा तास पुढचा अख्खा हंगाम खाऊ शकतो, आणि तो हंगाम कधी कधी आपला नसतो, मुलाबाळांचा असतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही निरोप घ्यायला गेलो. शेडचे दार अर्धे उघडे होते. नात बोटीत वाकून बसली होती आणि आजोबा बाहेर खुर्चीवर. यंदा शेवटची तपासणी तिने करायची असे ठरले होते. ती एकेक कॉक उघडून तार घालीत होती, फिरवीत होती, आणि आत काही राहिले नाही याची खात्री करून मोठ्याने सांगत होती. आजोबा वहीत खूण करीत होते. दोघांचे काम संपेपर्यंत आम्ही दाराशी थांबलो.